डिस्क गेली, केबल आहे

जुना संगणक बहुधा डिस्कच्या बाजूने मरतो. प्रोसेसर तीस-पस्तीस वर्षं सहज काढतो, मेमरीच्या पट्ट्याही टिकतात. हार्ड डिस्क मात्र फिरणारी, झिजणारी वस्तू. आतलं वंगण घट्ट होतं, रबराचे छोटे तुकडे वितळून चिकट होतात, हेड चकतीला चिकटून बसतं आणि वीज दिल्यावर मोटर नुसती गुरगुरते. जुन्या यंत्रांचा नाद असलेल्यांसमोर मग दोन वाटा असतात. तशीच दुसरी जुनी डिस्क शोधायची, किंवा ब्लूस्कझीसारखं आजचं कार्ड बसवायचं, जे मेमरी कार्डावरच्या फाइलीलाच डिस्क म्हणून पुढे करतं. दोन्ही वाटा चालतात. पण तिसरीही एक वाट आहे आणि ती त्या यंत्रांच्या कर्त्यांनीच काढून ठेवलेली आहे: डिस्क लावायचीच नाही, यंत्र नेटवर्कच्या केबलवरून सुरू करायचं. मला ही वाट सगळ्यात रास्त वाटते, कारण यातली कितीतरी यंत्रं विकलीच गेली होती बिनडिस्कची.

सन मायक्रोसिस्टिम्सचं सन-३/५० हे वर्कस्टेशन घ्या. १९८०च्या दशकाच्या मध्यावरचं यंत्र. मोटोरोलाचा ६८०२० प्रोसेसर, ४ मेगाबाइट मेमरी, भलामोठा काळा-पांढरा पडदा, माउस आणि मागे इथरनेटची जोडणी. डिस्क नाही. हवीच असेल तर वेगळ्या डब्यातली आणून बाहेरून जोडायची. त्या काळी डिस्क महाग, अवजड आणि आवाज करणारी असे. शहाणपण यात होतं, की साडेदहा इंची चकत्यांची एक थोरली फुजित्सू ईगल डिस्क सर्व्हरला लावावी, तो सर्व्हर वातानुकूलित खोलीत कोंडावा आणि टेबलाटेबलांवरच्या यंत्रांनी आपलं सगळं काही तिथून मागवावं. सन ही कंपनी १९८२ साली अँडी बेख्टोल्सहाइम, स्कॉट मॅकनीली, बिल जॉय आणि पुण्यात जन्मलेले विनोद खोसला या चौघांनी उभी केली. तिचं नाव ‘स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून आलं. म्हणजे नेटवर्क या कंपनीच्या नावातच होतं.

आता अडचण बघा. बटण दाबलं तेव्हा यंत्राची मेमरी कोरी असते. जवळ असतो फक्त रॉममधला छोटासा प्रोग्रॅम. डिस्क असती तर काम सोपं होतं: पहिला ब्लॉक वाच, मेमरीत टाक, तिथे उडी मार. नेटवर्कवरून मागवायचं तर कोणाकडे मागायचं ते माहीत हवं, आणि मागणाऱ्याला स्वतःचा पत्ता हवा, नाहीतर उत्तर येणार कुठे? हा पत्ता एरवी डिस्कवरच्या फाइलीत लिहिलेला असतो. डिस्क नाही म्हणजे पत्ता नाही, आणि पत्ता नाही म्हणून डिस्कवरचं काही मागवता येत नाही. हा तिढा सोडवायचा, तोही काही किलोबाइटच्या रॉममध्ये मावेल इतक्या थोडक्या सूचनांत. नेटवर्कवरून सुरू होण्याची सगळी युक्ती या टंचाईतून जन्मली.

सगळ्यात पहिलं आणि मला सगळ्यात देखणं वाटणारं उत्तर झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्राने काढलं. १९७३ सालचा तिथला आल्टो हा संगणक आणि त्याच वर्षी जन्मलेलं इथरनेट ही एकाच घरातली भावंडं. त्या पहिल्या इथरनेटचा वेग सेकंदाला जेमतेम ३ मेगाबिट होता आणि पत्ता फक्त ८ बिटांचा, म्हणून एका केबलवर जास्तीत जास्त २५६ यंत्रं. आल्टोचा पत्ता मागच्या पाटीवरच्या तारांच्या जोडण्यांनी ठरलेला असे. म्हणजे यंत्राला आपण कोण हे उपजतच ठाऊक होतं. कीबोर्डवरची बॅकस्पेसची कळ दाबून ठेवून सुरू केलं, की आल्टो डिस्ककडे न बघता केबलकडे कान लावून बसे. आणि केबलवर सर्व्हर दर काही सेकंदांनी, कोणी मागो न मागो, एक छोटं पाकीट सोडत असे. झेरॉक्समधले लोक त्याला प्राणफुंकर म्हणत. त्यात २५६ शब्दांचा प्रोग्रॅम असे. आल्टो तो मेमरीत घेई, चालवी आणि तो प्रोग्रॅम पुढचं सगळं मागवून घेई. विचारणं नाही, पत्ता सांगणं नाही. २०१७च्या सुमारास केन शिरिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात एक आल्टो दुरुस्त केला, तेव्हा जुना झेरॉक्स सर्व्हर कुठून आणणार? शिरिफ यांनी तळहातावर मावणाऱ्या बीगलबोन संगणकाला ते ३ मेगाबिटचं इथरनेट बोलायला शिकवलं आणि सर्व्हरचं काम त्याच्याकडे सोपवलं.

सनच्या यंत्रांचा रस्ता वेगळा होता. तो जरा सावकाश बघू, कारण आज घरी हा प्रयोग करणाऱ्यांपैकी पुष्कळजण सनवरच करतात. नमुन्यादाखल १९९१ सालचं स्पार्कस्टेशन आयपीएक्स. जेवणाच्या डब्याएवढं चौकोनी यंत्र, ४० मेगाहर्ट्झचा स्पार्क प्रोसेसर, जास्तीत जास्त ६४ मेगाबाइट मेमरी. मागे इथरनेटसाठी पंधरा पिनांचं एयूआय तोंड, ज्याला सरकती खिटी असते आणि ती हमखास सैल होते. त्यात एक छोटा ट्रान्सीव्हर खोचला की आजची साधी नेटवर्क केबल बसते. वेग १० मेगाबिट. हल्लीच्या काही वेगवान स्विचनी १० मेगाबिटला रामराम ठोकला आहे, तेव्हा अडगळीतला जुना स्विच फेकू नका.

यंत्र सुरू होतं आणि ‘ओके’ असं लिहून थांबतं. तिथे ‘बूट नेट’ एवढंच टंकायचं. रॉम आता केबलवर सगळ्यांना उद्देशून एक हाक टाकतो: माझा इथरनेट पत्ता अमुक, माझा आयपी पत्ता कोणता? इथरनेट पत्ता ४८ बिटांचा, म्हणजे सहा बाइटांचा. पहिले तीन बाइट बनवणाऱ्या कंपनीचे (सनचे ०८-००-२०) आणि उरलेले तीन त्या एका यंत्राचे. या हाकेची रीत १९८४च्या जूनमध्ये स्टॅनफर्डच्या फिनलेसन, मान, मोगल आणि थाइमर या चौघांनी कागदावर आणली. तिचं नाव रार्प. सर्व्हरवर एक प्रोग्रॅम ही हाक ऐकत बसलेला असतो. त्याच्यासमोर दोन फाइली: एकीत इथरनेट पत्त्यासमोर यंत्राचं नाव, दुसरीत नावासमोर आयपी पत्ता. तो जोडी लावतो आणि उत्तर देतो.

समजा उत्तर आलं: १९२.१६८.१.१०. आता यंत्राला पत्ता मिळाला, पण कोणती फाइल मागायची हे कोणीच सांगितलेलं नाही. इथे सनच्या लोकांनी केलेली काटकसर मला फार आवडते. मिळालेला पत्ताच फाइलीचं नाव. चारही आकडे सोळाच्या पद्धतीत लिहायचे, मोठ्या लिपीतली आठ अक्षरं होतात: सी०ए८०१०ए. पुढे टिंब आणि यंत्राचा वंश, सन४सी. या नावाची फाइल सर्व्हरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये असली पाहिजे. व्यवहारात ती खरी फाइल नसतेच, बूट प्रोग्रॅमकडे बोट दाखवणारा दुवा असतो. दहा यंत्रं असतील तर दहा दुवे आणि प्रोग्रॅम एकच.

फाइल आणण्याचं काम टीएफटीपीकडे. एमआयटीच्या केरेन सोलिन्स यांनी १९८१ साली ही पद्धत लिहून काढली, ती मुद्दाम इतकी साधी की रॉममध्ये बसावी. ५१२ बाइटांचा एक तुकडा यायचा, पोचल्याची पावती जायची, मग पुढचा तुकडा. एक पोतं उतरल्याशिवाय हमालाने दुसरं पाठीवर घ्यायचं नाही, असा कारभार. शेवटचा तुकडा ५१२पेक्षा लहान आला की फाइल संपली. फाइलीची लांबी नेमकी ५१२च्या पटीत असेल तर शेवटी रिकामं पाकीट पाठवायचं. पासवर्ड नाही, फोल्डरची यादी नाही, काही नाही. इतक्या साध्या पद्धतीतही एक खोडी दडलेली होती. एखादी पावती वाटेत रेंगाळली आणि सर्व्हरने तोच तुकडा पुन्हा पाठवला, की त्याच्या दोन पावत्या येत, दोन पावत्यांवर पुढचा तुकडा दोनदा जाई आणि तिथून पुढे अख्खी फाइल दुहेरी वाहू लागे. सोलिन्स यांनीच १९९२च्या नव्या आवृत्तीत हे बंद केलं.

पडद्यावर आलेल्या बाइटांचा आकडा सरकताना दिसतो. बूट प्रोग्रॅम मेमरीत आला, पण तोही निर्वासितच. त्याला अजून घर सापडायचं आहे. तो पुन्हा हाक मारतो, या वेळी बूटपॅराम नावाच्या सेवेला: माझं नाव काय, आणि माझी मूळ फाइल व्यवस्था कोणत्या सर्व्हरवर, कोणत्या फोल्डरात? उत्तर मिळालं की एनएफएस ही सनचीच १९८५ साली बाजारात आलेली पद्धत वापरून तो सर्व्हरवरचा फोल्डर आपलीच डिस्क असल्यासारखा जोडून घेतो, त्यातला कर्नल उचलतो आणि सूत्रं त्याच्या हाती देतो. पुढे सगळं त्या फोल्डरातून. मेमरी कमी पडली की बाहेर काढून ठेवायची पानंसुद्धा नेटवर्कवरून सर्व्हरच्या डिस्कवर जात. चार मेगाबाइटच्या सन-३/५०वर हे सारखं घडे. सर्व्हर बंद पडला की खोलीतले सगळे पडदे जिथल्या तिथे थिजत आणि ‘सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे’ अशा अर्थाची ओळ उमटे. सर्व्हर परत आला की यंत्रं जिथे होती तिथूनच पुढे चालू लागत. काहीही हरवत नसे. सर्व्हरने कोण कुठवर आलं होतं याची नोंदच ठेवायची नाही, या एनएफएसच्या मूळ ठरावामुळे हे जमे.

घरी हा प्रयोग करताना सर्व्हर म्हणून रास्पबेरी पाय पुरतो. त्यावर नेटबीएसडी ही कार्यप्रणाली बसवली तर उत्तमच, कारण रार्प आणि बूटपॅराम या दोन्ही सेवा त्यात अजून जिवंत आहेत आणि सन-२, सन-३, व्हॅक्स अशा यंत्रांवर चालणाऱ्या आवृत्त्याही त्या प्रकल्पाने सांभाळल्या आहेत. आजच्या लिनक्सवर काम होतं, पण एनएफएसच्या ज्या जुन्या आवृत्तीची सनच्या सनओएस या कार्यप्रणालीला सवय आहे ती तिथे बहुधा बंद असते आणि कुरकुर सुरू होते. आणखी एक सापळा: लिनक्सवरचा रार्पचा प्रोग्रॅम उत्तर देण्याआधी त्या यंत्राच्या पत्त्यावरून नाव दिलेली बूट फाइल फोल्डरात आहे का ते बघतो. नसेल तर गप्प बसतो. चूक सांगत नाही, नोंद करत नाही. यंत्राच्या पडद्यावर मात्र ‘रार्पच्या पाकिटाची वाट बघून थकलो’ अशी ओळ पुन्हा पुन्हा येते आणि माणूस केबली तपासत बसतो. अशा वेळी सर्व्हरवर टीसीपीडंप लावून केबलवरची ये-जा बघावी. हाक आली का, उत्तर गेलं का, कोणती फाइल मागितली हे तिथे ओळीने दिसतं. या छंदात त्याच्यासारखा दुसरा सोबती नाही.

पण या सगळ्याच्या आधी एक मोठी धोंड असते. रार्पची पहिली हाक ‘माझा इथरनेट पत्ता अमुक’ अशी सुरू होते. हा पत्ता आयपीएक्समध्ये कार्डावर कोरलेला नसतो. तो असतो एम४८टी०२ नावाच्या चिपमध्ये. २ किलोबाइट मेमरी, घड्याळ आणि त्या दोघांना जिवंत ठेवणारी लिथियमची बॅटरी, सगळं एकाच काळ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यात कायमचं बंद. बॅटरी दहा-पंधरा वर्षांनी संपते. त्या दिवशी यंत्र आपण कोण हेच विसरतं. सुरू करताना ओळखीचा मजकूर अवैध असल्याची तक्रार येते आणि पत्त्याच्या जागी सहाही बाइट एफएफ-एफएफ दिसतात. एफएफ-एफएफ हा तर ‘सगळ्यांना’ असा पत्ता आहे, कोणा एकाचा नव्हे. अशा यंत्राला सर्व्हर काय उत्तर देणार?

इथे सनच्या रॉमचा मोठेपणा कामी येतो. ‘ओके’ ही नुसती सूचना घ्यायची जागा नाही, त्यामागे फोर्थ ही आख्खी संगणकभाषा बसलेली आहे. त्या भाषेत एकेक बाइट हाताने लिहून यंत्राला त्याची ओळख परत देता येते. ओळखपत्र सोळा बाइटांचं. पहिला बाइट १, म्हणजे नमुना कोणता. दुसरा यंत्राचा प्रकार, आयपीएक्ससाठी सोळाच्या पद्धतीत ५७. पुढचे सहा इथरनेट पत्त्याचे. मग चार बनवल्याच्या तारखेचे, तीन होस्ट आयडीचे, आणि शेवटचा बाइट आधीच्या पंधरांची पडताळणी करणारा. शेवटचा चुकला की बाकीचं सगळं बरोबर असूनही यंत्र ओळखपत्र फेकून देतं. मूळ पत्ता हरवला असेल तर छंदी मंडळी शेवटचे तीन बाइट सी०, एफएफ, ईई असे लिहितात. सोळाच्या पद्धतीतल्या अंकांनी इंग्रजीत ‘कॉफी’ होते, म्हणून. गंमत आहे, पण एकाच केबलवर दोन जणांची कॉफी झाली की दोन्ही यंत्रं भांडतात. निदान दुसऱ्याचा एखादा बाइट बदला.

हे लिहिलेलं वीज जाईपर्यंत टिकतं. कायमचं हवं तर नवी चिप आणा, किंवा जुन्या चिपच्या डोक्यावरचं प्लास्टिक बारीक ग्राइंडरने घासून बॅटरीच्या दोन तारा उघड्या करा, संपलेल्या बॅटरीशी असलेला संबंध तोडा आणि तिथे मोठ्या नाण्याएवढ्या साध्या बॅटरीचं खोकं डाग देऊन लावा. काम किचकट नाही, मात्र घाईने करण्यासारखंही नाही. चिपचा एक पाय तुटला की संपलं.

प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. डिजिटलच्या व्हॅक्स यंत्रांची मॉप नावाची स्वतःची भाषा होती, एचपीच्या ९०००/३०० मालिकेची आणखी वेगळी. सिलिकॉन ग्राफिक्सच्या इंडिगो आणि इंडी या देखण्या यंत्रांनी रार्पऐवजी बूटपी (त्याच्याबद्दल पुढे) आणि टीएफटीपी घेतलं, म्हणजे सगळं सुरळीत व्हायला हवं. होत नाही. त्यांच्या जुन्या रॉमची समजूत अशी, की पोर्टचा आकडा ३२,७६७च्या वर जातच नाही. कोणीतरी सोळा बिटांतला पहिला बिट ऋण चिन्हासाठी राखून ठेवला आणि तो तसाच रॉममध्ये जळून पक्का झाला. १९९३ साली ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तेव्हाचे सर्व्हर लहान आकड्यांचे पोर्ट देत. आजचं लिनक्स सहज चाळीस-पन्नास हजारांतला पोर्ट उचलतं आणि इंडीला उत्तर आल्याचं कळतच नाही. सर्व्हरला ‘३२,७६७च्या खालचेच पोर्ट वापर’ असं एका ओळीत बजावलं की तेच यंत्र निमूट सुरू होतं. रॉम बदलता येत नाही, तेव्हा म्हाताऱ्याच्या कलाने तरुणानेच घ्यायचं.

आता जरा आपल्याकडे. १९९०च्या दशकात महाराष्ट्रातल्या संगणक क्लासात बसलेल्या वाचकाला यातलं बरंच काही नाव न कळता भेटलेलं आहे. एका खोलीत ओळीने मांडलेले पीसी, ज्यांना सगळे ‘नोड’ म्हणत. मागून गेलेली काळी कोअॅक्सिअल केबल, प्रत्येक कार्डाला टीच्या आकाराचं जोड आणि ओळीच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचं टर्मिनेटर. कोणाचा पाय लागून एक जोड निघाला की अख्खी ओळ बंद आणि सरांचा आवाज चढलेला. कोपऱ्यात नॉव्हेल नेटवेअरचा सर्व्हर. नोडना हार्ड डिस्क नसे, पुष्कळदा फ्लॉपी ड्राइव्हही नसे. डिस्कचे पैसे वाचत हे एक कारण. दुसरं कारण विषाणू. त्या काळचे बरेच विषाणू फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून पसरत आणि त्यांतला एक तर आपल्याच आडनावाचा होता. १९९० साली भारतात सापडलेला ‘जोशी’ दर वर्षी ५ जानेवारीला संगणक अडवून धरी आणि इंग्रजीत जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकल्याशिवाय सोडत नसे. ज्या नोडला फ्लॉपीच नाही त्याला जोशी गाठणार कुठून?

हे नोड सुरू कसे होत? नेटवर्क कार्डावर एक रिकामं सॉकेट असे, त्यात अठ्ठावीस पिनांची बूट रॉम बसवलेली असे. पीसीचा बायोस सुरू होताना मेमरीचा एक ठरावीक पट्टा दर २ किलोबाइटवर थांबत चाचपतो. जिथे ५५ आणि एए हे दोन बाइट लागोपाठ सापडतील तिथे पाहुणा रॉम आहे असं समजतो, त्याची बेरीज तपासतो आणि त्याला बोलायची संधी देतो. बूट रॉम ती संधी साधून ‘सगळ्यात जवळचा सर्व्हर कोण?’ असं केबलवर विचारे. सर्व्हरच्या लॉगिन फोल्डरात एका बूट फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत एका फाइलीत ठेवलेली असे. नेटवेअरमधला डॉसजेन हा प्रोग्रॅम ती बनवी. रॉमची लबाडी अशी, की डॉसने ‘ए ड्राइव्ह वाच’ म्हटलं की ती फ्लॉपीऐवजी त्या फाइलीतला तुकडा आणून देई. डॉसला शेवटपर्यंत पत्ता लागत नसे की आपण नसलेल्या फ्लॉपीवरून सुरू झालो. अर्थात डॉसजेनसाठी घेतलेली मूळ फ्लॉपीच बाधित असेल, तर जोशी सगळ्या वर्गाला एकदम भेटायला मोकळे.

यातली एक चूक त्या पिढीच्या लॅब असिस्टंटना आठवत असेल. नोड सुरू होता होता ‘बॅच फाइल सापडत नाही’ म्हणून अडे. कारण सुरेख आहे. सुरुवातीची बॅच फाइल त्या नकली फ्लॉपीवर होती. तिच्याच एका ओळीने नेटवर्कचा प्रोग्रॅम चालू केला, त्याने ताबा घेतल्यावर नकली फ्लॉपी अदृश्य केली आणि डॉस पुढची ओळ वाचायला गेला तर फाइल जागेवर नाही. उपाय असा, की त्याच फाइलीची एक प्रत सर्व्हरच्या लॉगिन फोल्डरातही ठेवायची.

तीच कार्डं आज जुन्या बाजारात किरकोळ किमतीत मिळतात आणि त्यांच्या रिकाम्या सॉकेटला नवं काम लागलं आहे. काहीजण त्यात एक्सटीआयडीई नावाचा मुक्त बायोस भरून जुन्या पीसीला आधुनिक मेमरी कार्डांची ओळख करून देतात. ३८६ आणि पुढच्या यंत्रांसाठी, त्यांना केबलवरून सुरू करणारा आयपीएक्सई आहे, जो १९९०च्या दशकातल्या इथरबूट प्रकल्पाचा वारस. बायोसची ५५-एए चाचपणी चाळीस वर्षांपूर्वी होती तशीच, म्हणून हे जमतं.

मग या पद्धती मागे का पडल्या? रार्पची अडचण उघड होती. ती हाक राउटर ओलांडत नाही, म्हणून प्रत्येक केबलवर एक सर्व्हर हवा. शिवाय उत्तरात फक्त पत्ता मिळतो, फाइलीचं नाव नाही. स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सनचे जॉन गिलमोर यांनी सप्टेंबर १९८५मध्ये बूटपी मांडलं. त्यात एकाच पाकिटात पत्ता, सर्व्हर आणि फाइलीचं नाव मिळे, आणि राउटरपलीकडेही पोचता येई. पण खरा घाव डिस्कच्या किमतीने घातला. १९९०च्या दशकात डिस्क स्वस्त झाली, प्रत्येक टेबलावर आली आणि बिनडिस्कचं यंत्र गरिबीचं लक्षण ठरलं. त्यात थोडा अन्याय झाला, असं माझं मत. तीस यंत्रं एका फोल्डरातून चालवणं आणि तीस डिस्का वेगवेगळ्या सांभाळणं यात कोणतं काम सोपं, हे कुठल्याही शाळेच्या संगणक शिक्षकाला विचारावं.

बूटपी मात्र मेलं नाही. १९९३ साली त्याच्यावरच डीएचसीपी उभं राहिलं आणि इंटेलने १९९०च्या दशकाअखेर डीएचसीपी आणि टीएफटीपी एकत्र करून पीएक्सई आणलं, ज्याच्या जोरावर आजच्या डेटा सेंटरमधले सर्व्हर पहिल्यांदा सुरू होतात. तुमचा फोन घरच्या वायफायला जोडला जातो तेव्हा तोही डीएचसीपीचंच पाकीट पाठवतो. त्या पाकिटाची मांडणी १९८५चीच आहे. त्यात सर्व्हरच्या नावासाठी ६४ आणि बूट फाइलीच्या नावासाठी १२८ बाइटांची जागा अजून राखलेली असते. फोनला बूट फाइल नको असते, म्हणून ती जागा बहुधा रिकामीच जाते.

तुमच्या ओळखीत, कॉलेजच्या स्टोअररूममध्ये किंवा एखाद्या बंद पडलेल्या प्रयोगशाळेत सनचं यंत्र पडून असेल आणि ते अजून सुरू होत असेल, तर एवढं करा. वीज दिल्यावर पहिल्या पडद्यावर इथरनेट पत्ता आणि होस्ट आयडी दिसतो, त्याचा फोटो काढा आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून तो कागद यंत्राच्या पोटावर चिकटवा. त्या काळचं बरंच महागडं सॉफ्टवेअर याच होस्ट आयडीशी परवान्याने बांधलेलं आहे. बॅटरी गेल्यावर तो आकडा दुसरं कोणी सांगू शकणार नाही, आणि कॉफीवर तो परवाना चालत नाही.